एका कानाचा टोप

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस आधी भिंतीकडे बघतो आणि मग माझ्याकडे. भिंतीवरच्या फळीवर जुन्या जर्मन लष्करी अधिकाऱ्यांचे टोप ओळीने बसलेले असतात. काळे, चामड्याचे, कपाळावर पितळी गरुड आणि डोक्यावर सुळका. ही बाई हे कसं सहन करते, असा प्रश्न पाहुण्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेला असतो. मी चहा पुढे करते आणि सांगते, "घ्या. यांच्यातलं कुणी जेवायला थांबत नाही, तेवढं एक बरं आहे."

टोप माझे नाहीत, आमच्या ह्यांचे आहेत. हे एका कारखान्यात टर्नर आहेत. लेथवर धातूचा गज फिरवायचा, त्याला हत्याराची धार टेकवायची आणि हवा तो आकार बाहेर काढायचा, यात त्यांचं आयुष्य गेलं. लहानपणी मोठा ताप आला आणि जाताना डावा कान घेऊन गेला. त्या कानाने काडीचंही ऐकू येत नाही. म्हणून लग्न झाल्यापासून मी त्यांच्या उजव्या बाजूने चालते. मी फारच संतापलेली असले तर डाव्या बाजूने चालते आणि मनसोक्त बोलून घेते. बायकोचं बोलणं या कानाने ऐकावं आणि त्या कानाने सोडून द्यावं, असा नवऱ्यांचा रिवाज असतो म्हणतात. आमच्याकडे बाहेर पडायला वाटच नाही, त्यामुळे आत गेलेलं सगळं यांच्या डोक्यात जमा राहतं आणि वर्षांनंतर मलाच ऐकवलं जातं.

त्यांची आणखी एक सवय सांगून ठेवते. रांगेत उभं राहायचं झालं की हे झटकन डाव्या टोकाला जाऊन उभे राहतात. मग सगळी माणसं उजवीकडे येतात आणि कुणाचं बोलणं निसटत नाही. फोटोतही तेच. आमच्या लग्नाच्या फोटोत नवरदेव टोकाला उभे आहेत आणि मधोमध माझे मामा. अनोळखी माणसं मामांचंच अभिनंदन करतात.

या कानावरून त्यांना नाव ठेवलं ते त्यांच्या सख्ख्या मोठ्या भावाने, एककान्या. मोठ्या भावजींचा धंदा जुनं फर्निचर विकण्याचा, आणि आवाज असा की बंद कपाटाची दारं आपोआप उघडावीत. मनाने वाईट नाहीत, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. चारचौघांत हाक मारायचे, "ए एककान्या, इकडे ये!" हे हसत हसत जायचे. मला मात्र दर वेळी भावजींच्या डोक्यात त्यांच्याच दुकानातलं स्टूल घालावंसं वाटायचं.

टोपांचं वेड घरात शिरलं ते कारखान्याच्या दारातून. एका नाटक कंपनीचा माणूस सामानातला एक जुना टोप दुरुस्तीला घेऊन आला. सुळका सैल झाला होता. ह्यांनी तो फिरवून काढला, आतले आटे बघितले, आणि काम बाजूला ठेवून बघतच बसले. त्या दिवशी घरी आले ते वेगळेच. म्हणाले, "अगं, ज्याने ते आटे पाडले ना, तो माणूस मला भेटायला हवा होता." लढाया, राजे, सेनापती यांच्याशी ह्यांना कधीच देणंघेणं नव्हतं. टोप कुणी घातला यापेक्षा तो कुणाच्या हातांनी केला, याचंच त्यांना अप्रूप.

मग एकामागून एक टोप येत गेले. कुठे कुणाचं यंत्र दुरुस्त करून दिलं त्याच्या बदल्यात, कुठे एक देऊन दुसरा घेतला, असं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माझी अवस्था. चादरी ठेवायच्या कपाटात चादरी सोडून सगळं सापडायचं. पण सहवासाने माणूस शिकतो. साध्या शिपायाचा टोप कोणता आणि अधिकाऱ्याचा कोणता, हे मी आता भाजी निवडता निवडता सांगू शकते. अधिकारी आपला टोप स्वतः करवून घ्यायचे, त्यामुळे चामडं पातळ आणि हलकं. सुळका उंच, आणि त्याच्या गळ्याशी बारीक मोत्यांची माळ असावी तशी कडी. सुळक्याच्या बैठकीवर शिपायाच्या टोपाला साध्या गोल घुंड्या, अधिकाऱ्याच्या टोपाला छोट्या चांदण्या. गरुडाच्या मुकुटातून आरपार बघता आलं पाहिजे, कारण तिथला पत्रा कोरून काढलेला असतो. हनुवटीखालून जाणाऱ्या पट्ट्यावरची पितळी खवले सपाट नसतात, फुगीर असतात. आतून रेशमाचं अस्तर. आणि दोन्ही बाजूंना, जिथे तो पट्टा बोल्टने टोपाला धरलेला असतो, तिथे पट्ट्याखाली एकेक रंगीत चकती. अधिकाऱ्याची चकती मोठी आणि तिच्या कडेला चंदेरी दातेरी कडं.

ती चकती बरोबर कानाच्या जागी येते. म्हणून आमच्याकडची संग्राहक मंडळी तिला कानच म्हणतात.

आता ज्या टोपाची ही गोष्ट आहे, तो ह्यांना एका लाँड्रीत सापडला. कपडे पिळायच्या यंत्राचा रूळ बिघडला म्हणून लाँड्रीवाल्या बाईंनी बोलावलं होतं. मागच्या खोलीत दाराआड खिळ्याला तो उलटा टांगलेला होता आणि त्यात कपड्यांचे चिमटे भरलेले. ह्यांनी चिमटे ओतून टोप उजेडात धरला. चांदण्या, मोत्यांची कडी, कोरलेला मुकुट, रेशीम, सगळं जागच्या जागी. बाई म्हणाल्या, "मला फक्त चिमट्यांना दुसरं काहीतरी द्या." ह्यांनी यंत्र दुरुस्त केलं, वर एक झाकणाची टोपली नेऊन दिली आणि टोप छातीशी धरून घरी आले. पहिल्या बाळाला घेऊन यावं तसे आले. खोटं कशाला सांगू, आम्हाला मूलबाळ नाही, आणि त्या दिवशी त्यांचा चेहरा बघून मी लगेच फळीवर जागा करून दिली.

एकच खोट होती. टोपाला कान एकच होता. तोही उजवीकडे.

मोठ्या भावजींनी तो बघितला आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अरे, हा तर तुझाच भाऊ! ह्याचं नावही एककान्या ठेव." आणि ठेवलं. घरात दोन एककान्ये झाले.

यात नेमकं काय अडत होतं, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पूर्वी या टोपांना एकच कान असायचा, आपापल्या राज्याच्या रंगाचा, उजवीकडे. मग अठराशे सत्त्याण्णव साली वरून हुकूम निघाला की आता उजवीकडे साऱ्या देशाचा कान लावायचा आणि राज्याचा कान डावीकडे न्यायचा. नोकरीत असलेल्या सगळ्यांनी जुने टोप बदलून घेतले. त्यामुळे हुकमाच्या आधीचा, अजिबात हात न लागलेला अधिकाऱ्याचा टोप म्हणजे दुर्मीळ चीज. आणि दुर्मीळ असल्यामुळेच लबाड व्यापारी नंतरच्या टोपाचा एक कान उपटतात, दुसरा उजवीकडे सरकवतात आणि जुना म्हणून खपवतात. म्हणजे आमचा टोप एक तर अस्सल जुना होता, नाही तर कान उपटलेला अपुरा. मधलं काही नाही.

संग्राहकांचं मंडळ एका सायकलच्या दुकानावरच्या लांबट खोलीत भरतं. वर्षातून एकदा तिथे प्रदर्शन असतं. भिंतीकडेने साधी टेबलं आणि मधोमध हिरवं कापड घातलेलं एक टेबल. मधल्या टेबलावर जागा मिळणं हा मोठा मान. तिथे फक्त पूर्ण आणि अस्सल वस्तू बसते. ते ठरवतात घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून आयुष्य काढलेला हा माणूस मोजकं बोलतो आणि बोललं की परत घेत नाही. मंडळाची एक रीत आहे, तिला म्हणतात उघडणी. मधल्या टेबलाचा मान हवा असेल तर मालकाने आपली वस्तू सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने उघडून दाखवायची. आणि दुसरी रीत अशी की तीनदा नाकारलेली वस्तू पुन्हा त्या खोलीत आणायची नाही.

आमच्या एककान्याला दोनदा नकार मिळाला होता. दोन्ही वेळा उघडणीपर्यंत पाळीच आली नाही, दारातूनच परत. पहिल्या वेळी हे भीत भीत म्हणाले, "हुकमाच्या आधीचा असेल कदाचित." तेव्हा सैनिकी टोप्या जमवणारे एक सभासद आहेत, त्यांना आम्ही टोपीवालेच म्हणतो, ते फिस्कन हसले. "जुना दिसावा म्हणून लोक कान उपटतात हो. दुसरा कान घेऊन या."

मी ह्यांना म्हटलं, "अहो, घरी उघडून बघा ना एकदा. आत काय ते कळेल." तर म्हणाले, "घट्ट बसलेलं उघडायचं नसतं. चामडं फाटलं तर?" ते खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. त्यांना भीती वाटत होती. उघडल्यावर डावीकडे उपटलेल्या कानाचा डाग दिसला असता, तर फळीवरच्या त्या लाडक्याकडे पुन्हा तसं बघता आलं नसतं. मी ओळखलं आणि गप्प बसले. मी गप्प बसले हे आमच्या घराच्या इतिहासात नोंदवण्यासारखं आहे.

तिसऱ्या आणि शेवटच्या प्रदर्शनाच्या आधी मोठे भावजी घरी आले. जिन्यातच आवाज सुरू झाला. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून त्यांनी टेबलावर सोडली. आत चकती होती. मोठी, जर्मनीच्या तीन रंगांची, चंदेरी दातेरी कड्याची. अस्सल, अधिकाऱ्याची. कुठल्याशा जुन्या टेबलाच्या खणात बटणांच्या ढिगात सापडली होती. "बघ एककान्या, तुझ्या एककान्याला कान आणलाय! आता कोण तुला दारातून परत पाठवतो तेच बघतो."

ह्यांचे डोळे भरून आले. भावजींचेही. मोठ्या भावाने आयुष्यभर चिडवावं आणि मग खिशात कान घेऊन यावं, याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. मी पटकन चहा ठेवला.

काम सोपं होतं. जुना कान डावीकडे सरकवायचा, नवा उजवीकडे लावायचा, झालं. डाव्या बोल्टच्या नटावर थेंब थेंब तेल सोडत हे बसून राहिले. लेथवर घाई न करणारा माणूस, इथे कशाला करेल? शेवटी नट फिरला, बोल्ट सुखरूप बाहेर आला. पण नवी चकती मापाला मध्ये धरली की तो बोल्ट आतल्या नटापर्यंत पोचेचना. आखूड होता.

"कुणीतरी कान काढताना बोल्टही बदललेला दिसतो," हे म्हणाले आणि चपला घालून सरळ कारखान्यात गेले. बोल्ट आखूड का, हे दुसऱ्या कुणीही आधी विचारलं असतं. टर्नर आधी लांब बोल्ट करून आणतो. परत आले तेव्हा हातात नवा कोरा पितळी बोल्ट, बघण्यासारखा. मग जुना कान सरकवायचा म्हणून उजवा बोल्ट काढला, चकती उचलली, आणि टोप खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला.

मी उजवीकडून विचारलं, "फाटलं का?"

त्यांनी नुसतं बोट दाखवलं. उजवीकडे, चकती होती त्या जागी, काळ्या रोगणात तिच्या दातांचं वर्तुळ उमटलेलं होतं. एकेक दात मोजून घ्यावा इतकं खोल. मग टोप फिरवून त्यांनी डावी बाजू दाखवली. तिथे पट्ट्याच्या टोकाचा लहानसा ठसा होता आणि त्याच्याभोवती सगळं रोगण आरशासारखं नितळ. एकही दात नाही.

"याला दुसरा कान कधी नव्हताच," हे म्हणाले. "कुणी काढला नाही, पडला नाही. बोल्ट आखूड आहे कारण तो तसाच केलाय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी टाळी वाजवली. पण भावजी आले आणि त्यांचं गणित वेगळं निघालं. "अरे, ते तुला कळलं. त्यांना कळेल? दारातच दुसरा कान दिसला नाही की म्हणतील अपुरा. तिसरा नकार म्हणजे संपलं. लाव हा कान, मान घे आणि मोकळा हो. बोल्ट तर सगळेच बदलतात."

आणि सांगायला नको, पण मलाही भावजींचं पटलं. मला त्यांना त्या हिरव्या कापडाशी उभं राहिलेलं बघायचं होतं. दोनदा टोप पिशवीत घालून परत येणारे हे मी बघितले होते. तिसऱ्यांदा बघायची माझी ताकद नव्हती. मी म्हटलं, "लावा हो. नंतर घरी आल्यावर काढून टाका."

ह्यांनी नवा बोल्ट बोटांत फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा आईने मला बजावलं होतं, लग्न ठरेपर्यंत कानाचं बोलू नकोस. डाव्या कानात घालायला यंत्र पण आणलं होतं. त्याचा उपयोग शून्य, नुसतं दाखवायला. मी ते खिशात घातलं आणि तुला पहिलंच वाक्य काय म्हणालो?"

मला काय आठवायचं होतं! विसरलेच नव्हते. ते म्हणाले होते, "मला या कानाने ऐकू येत नाही, तुम्ही उजवीकडे बसता का?" आणि मी उजवीकडे बसले, ती आजतागायत.

"तुझ्यापुढे मी खोटा कान लावून आलो नाही," हे म्हणाले. "मग याला कशाला लावू?"

भावजी खुर्चीत धपकन बसले. त्या यंत्राची गोष्ट त्यांना माहीतच नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही तिघं सायकलच्या दुकानावरचा जिना चढलो. टोप पुन्हा जसा होता तसाच, एका कानाचा. भावजींची चकती आणि नवा बोल्ट ह्यांच्या खिशात. दारातच टोपीवाले म्हणाले, "पुन्हा हाच?" हे म्हणाले, "पुन्हा हाच. उघडणी मागतोय."

घड्याळजींनी मान वर केली. अपुऱ्या वस्तूची उघडणी कुणी मागत नसे, कारण हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? पण मागणाऱ्याला नाही म्हणायची रीत नव्हती. त्यांनी आपल्या टेबलावरचा पांढरा कपडा सरळ केला. माणसं गोळा झाली. ह्यांनी हातमोजे घातले. मी उजवीकडे उभी राहिले, भावजी मागे. ह्यांचे हात लेथवर असावेत तसे शांत होते. डावा नट सैल केला, बोल्ट काढून कपड्यावर ठेवला. उजवा काढला, कान उचलला, तोही ठेवला. मग टोप घड्याळजींच्या हातात दिला.

घड्याळजींनी भिंग लावून उजवी बाजू पाहिली, डावी पाहिली, पुन्हा उजवी पाहिली. "डावीकडे दात नाहीत," एवढंच म्हणाले.

"रोगण काय, घासून नितळ करता येतं," डावीकडून टोपीवाल्यांचा आवाज आला. "आणि हा आखूड बोल्ट? अहो, हे टर्नर आहेत! जुना दाखवायला हवा तसा बोल्ट यांनीच केला असणार. यांना काय कठीण आहे?"

खोलीत कुजबुज झाली. बोलणं डावीकडून आल्यामुळे ह्यांना त्यातलं काही कळलंच नव्हतं. हे आपले टोपाकडे प्रेमाने बघत उभे. माझ्या अंगाचा असा भडका उडाला! ज्या माणसाने घरी चालून आलेला कान लावला नाही, त्याच्यावर हा आळ? पण आधी त्यांना कळायला हवं होतं. मी उजव्या कानाशी वाकून शब्दन्शब्द सांगितला.

मला वाटलं होतं, चेहरा पडेल. तसं झालं नाही. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "खरं आहे, बोल्ट मी केलाय." सगळे चपापले. भावजींनी कपाळावर हात मारला. ह्यांनी खिशात हात घातला आणि नवा बोल्ट काढून कपड्यावर, त्या दोन जुन्यांच्या शेजारी ठेवला. "हा. दुसरा कान लावायचा म्हणून केला होता. मग लावला नाही. माझा हात कसा चालतो ते बघा, आणि मग सांगा ते दोन माझे आहेत का."

घड्याळजी वाकले. आम्ही सगळेच वाकलो. भिंगाची गरजही नव्हती. ह्यांच्या बोल्टचे आटे एकसारखे, रेघ ओढावी तसे, आणि डोक्यावरची खाच बरोबर मधोमध. जुन्या दोन्ही बोल्टचे आटे हाताने पाडलेले, मध्येच किंचित दाट, मध्येच विरळ. दोघांच्याही डोक्यावरची खाच मध्यापासून जराशी सरकलेली. दोन्हीची एकाच बाजूला. एक आखूड, एक लांब, पण हात एकच.

"मुद्दाम वाकडी काढली असेल," टोपीवाले म्हणाले, पण आता आवाजात जोर नव्हता.

"मला नाही जमत हो तशी," माझ्याकडून टोपीवाल्यांचं बोलणं ऐकून हे अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. "करून बघितली तरी मधोमधच येते."

कुणीतरी हसलं. घड्याळजी हसले नाहीत. त्यांनी आखूड बोल्ट उचलला, टोपाच्या डाव्या भोकात हलकेच बसवला, आणि त्याची चौकोनी मान चामड्यात कशी जाते ते पाहिलं. चारही कोपरे आपल्या खळग्यात बसले, पाय जुन्या जोड्यात बसावा तसे. मग तो काढून त्यांनी भोकाची आतली कड उजेडात धरली. पितळाचा हिरवा डाग चामड्यात मुरून काळा पडला होता. "हा डाग पडायला आपल्या सगळ्यांची वयं कमी पडतील," ते म्हणाले. "बोल्ट पहिल्यापासून इथलाच आहे. हुकूम निघाला तेव्हा हा टोप कुणाच्या डोक्यावर नसणार. कुठेतरी कपाटात पडून राहिला, म्हणून हात लागला नाही." त्यांनी भिंग काढलं. "याला काही कमी नाही. हा पूर्ण आहे."

मी रडले. स्वच्छ, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडले, आणि मला अजिबात लाज वाटली नाही. हे मात्र शांतपणे नट आवळत होते. काम अर्धं सोडून आनंद करायचा, हे टर्नरच्या स्वभावात नाही.

मधल्या टेबलावर जागा नव्हती. तेव्हा टोपीवाले पुढे आले, तिथली आपली टोपी त्यांनी स्वतःच्या हाताने उचलली आणि भिंतीकडच्या टेबलावर नेऊन ठेवली. परत येऊन ह्यांच्या उजव्या बाजूला उभे राहिले, मुद्दाम उजव्या, आणि म्हणाले, "मी चुकलो. ठेवा." माणसाने हरावं तर असं. त्यांच्यावरचा माझा राग तिथेच उतरला, थोडासा बाकी ठेवला तो सवयीने.

हे हिरव्या कापडावर टोप ठेवायला गेले आणि नेहमीप्रमाणे कान असलेली बाजू लोकांकडे केली. घड्याळजींनी हात पुढे करून टोप फिरवला. डावी बाजू, बिनकानाची, समोर आली. "ही दिसू दे," ते म्हणाले. "पाहण्यासारखी हीच आहे."

मग फोटो. वर्षाचा मान मिळालेल्या वस्तूबरोबर सगळ्या मंडळाचा फोटो निघतो. सवयीप्रमाणे हे सरकत सरकत डाव्या टोकाला निघाले होते. मोठ्या भावजींनी त्यांच्या दोन्ही खांद्यांना धरलं, ओढत आणलं आणि टोपाच्या बरोबर मागे, मधोमध उभं केलं. "कुठे चाललास? तुझी जागा इथे आहे." आणि स्वतः ह्यांच्या डाव्या बाजूला उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी ह्यांना एकदाही एककान्या म्हटलं नाही, नावाने हाक मारली. फोटोवाला तयार झाला तेवढ्यात भावजी आपल्या त्या कपाट उघडणाऱ्या आवाजात काहीतरी म्हणाले आणि अख्खी खोली खदखदून हसली.

तो फोटो आता आमच्या भिंतीवर आहे, लग्नाच्या फोटोच्या शेजारी. त्यात सगळे हसताहेत आणि हे सगळ्यांत जास्त. बघणाऱ्याला वाटतं, विनोद यांनीच केला असावा. खरं म्हणजे त्या गलक्यात यांना त्यातला एक शब्दही कळला नव्हता. दोन्हीकडे माणसं, डाव्या बाजूला कोण काय बोलतंय याचा पत्ता नाही, आणि तरी मान ताठ करून मधोमध उभे आहेत.

घरी येताना वाटेत मी त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन सांगितलं, भावजी काय म्हणाले ते. ते म्हणाले होते, "घड्याळजी, माझाही एक कान कापा आणि मला त्या हिरव्या कापडावर ठेवा." हे रस्त्यातच थांबले, पोट धरून पुन्हा एकदा हसले, आणि मग मागून येणाऱ्या भावासाठी उभे राहिले.